पाचामुखी परमेश्वर, पण कुठल्या पाच?

सॉफ्टवेअरच्या जगात एक लेख असा आहे, जो फार थोड्यांनी वाचलाय, पण ज्याचा आधार प्रत्येक मीटिंगमध्ये घेतला जातो. याकोब नील्सन यांचा मार्च २००० मधला लेख. म्हणणं एका ओळीचं: वेबसाइट तपासायला पाच वापरकर्ते पुरेत.

पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. माणसाला स्क्रीनसमोर बसवायचं, एक काम द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवून तो कुठे अडतो ते बघायचं. नील्सन यांचं गणित असं, की एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. दुसरा थोडा त्याच दगडांना ठेचकाळतो, थोडे नवे दगड दाखवतो. पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के अडचणी हाती लागतात. पुढे वेळ जातो, नवं फारसं मिळत नाही.

लेख छोटा, भाषा थेट, आलेख एकच. चाचणी म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले असं मानलं जायचं, तेव्हा या लेखाने ती लहान टीमच्या आवाक्यात आणली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण लेखात आणखीही काही आहे. पंधरा जणांचे पैसे असतील तर पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मध्ये दुरुस्त्या करा, असं नील्सन सांगतात. वापरकर्त्यांचे गट अगदी वेगळे असतील तर प्रत्येक गटातून वेगळी माणसं घ्या, असंही सांगतात. मीटिंगमध्ये पोचेपर्यंत दोन्ही सूचना गळून पडतात. उरतो फक्त पाचाचा आकडा.

माझा आक्षेप मात्र आकड्याच्या मुळाशी आहे. ३१ टक्के ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण घ्या. ती पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता येते ४१ टक्के. शंभरातल्या एकाची घेतली तर पाच टक्क्यांच्याही खाली. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० वापरकर्त्यांची चाचणी घेऊन त्यांतून पाच-पाचाचे गट यादृच्छिक पद्धतीने काढून पाहिले. काही गटांना ९९ टक्के अडचणी सापडल्या, काहींना फक्त ५५. म्हणजे पाच जण पुरतात की नाही, हे ते पाच कोण यावर ठरतं.

आणि ते कोण असतात? बहुतेकदा जवळ सापडणारे. इंग्रजी वाचणारे, चांगला फोन असलेले, दुपारी तासभर मोकळे. फॉर्ममधलं आडनावाचं सक्तीचं खानं त्यांना अडवत नाही. आडनाव न लावणाऱ्या बाईला अडवतं. ती त्या खोलीत नसते.

शिवाय ही चाचणी एवढंच सांगते, की आपण दिलेलं काम माणसाला जमतं का. ते काम त्याला हवं होतं का, हे सांगत नाही. त्यासाठी त्याच्या जागी जावं लागतं. ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी १९९८ च्या ‘कॉन्टेक्स्च्युअल डिझाइन’ या पुस्तकात हीच रीत मांडली: वापरकर्ता उस्ताद, आपण शागीर्द. शेजारी बसा, काम चालू असताना बघा, विचारा.

आपल्याकडच्या एखाद्या सेतू केंद्रात असं तासभर बसून बघा. दाखला हवा असलेला माणूस काउंटरच्या अलीकडे, कीबोर्ड पलीकडे. फॉर्म भरतो ऑपरेटर, माहिती सांगतो दुसराच, आणि ओटीपी कधी कधी तिसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर जातो. यातला ‘युजर’ कोण? आपल्या चाचणीच्या खोलीत एका स्क्रीनसमोर एकच खुर्ची असते, त्यामुळे हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही.

म्हणून नील्सन यांचा लेख टाकून देऊ नका, पूर्ण वाचा. पाच जणांना बोलवाच, शून्यापेक्षा पाच केव्हाही बरे. फक्त अहवालात एक ओळ जास्तीची लिहा: कोणाला बोलावलं नाही आणि का. पुढच्या फेरीतले पाच त्या ओळीतून निवडा.