दहा पौंडांची वर्गणी

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जुगारच उभा राहतो. युरोस लिन दिग्दर्शित ‘ड्रीम हॉर्स’ (२०२०) हा इंग्रजी चित्रपट मात्र सत्य घटनेच्या आधारे एका वर्गणीची कथा सांगतो. वेल्समध्ये, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका गावात, दुकानात व मद्यगृहात राबणारी जॅन वोक्स एक घोडी पाळते. तिच्या शिंगरासाठी गावकरी आठवड्याला दहा-दहा पौंड देतात. नथनेलने नाझरेथविषयी घेतलेली शंकाच शर्यतीच्या मैदानावरील उमराव या गावाविषयी घेतात. टोनी कोलेटने जॅनचा संकोच आणि हट्ट संयमाने रंगवला आहे.

२००९ सालच्या वेल्श ग्रँड नॅशनलमधील विजय हा कथेचा कळस खरा. परंतु तिचा प्राण त्याआधी आहे. घोडा जायबंदी होतो, तेव्हा त्याची कमाई त्याच्याच उपचारावर खर्च होते. मग बरा झालेल्या त्या मुक्या जिवाला पुन्हा धोक्यात लोटावे काय? या प्रश्नाचे उत्तर चित्रपट जयघोषात बुडवतो, ही उणीव जाणवते. तरीही कुटुंबाने एकत्र बसून तो अवश्य पाहावा. लाभापेक्षा सहभाग मोठा, हे तो उपदेशाविना सांगतो.