'द लोन्ली लंडनर्स'मधील भाषेचे स्थलांतर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामकरी माणसांची निकड होती. १९४८ च्या नागरिकत्वविषयक कायद्याने वसाहतींतील प्रजेचा तेथे येऊन राहण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी जूनमध्ये 'एम्पायर विंड्रश' हे जहाज वेस्ट इंडीजमधील शेकडो उतारू घेऊन टिलबरीला लागले. १९५६ पासून लंडनच्या वाहतूक संस्थेने तर बार्बाडोसमध्ये जाऊन नोकरभरती केली. ह्या व्यवहाराचा आर्थिक हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. त्याने इंग्रजी गद्याचे काय केले, हे पाहावयाचे तर सॅम्युएल सेल्वन ह्यांच्या 'द लोन्ली लंडनर्स' (१९५६) ह्या कादंबरीकडे वळले पाहिजे.

सेल्वन मूळचे त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. १९५० साली ते लंडनला आले. त्यांच्या कादंबरीत कथानक असे जवळजवळ नाहीच. मोझेस हा जुना रहिवासी धुक्याने भरलेल्या एका संध्याकाळी वॉटर्लू स्थानकावर नवख्या गॅलाहॅडला उतरवून घ्यावयास जातो, आणि मग बेजवॉटरच्या भाड्याच्या खोल्यांतून एकेक माणूस भेटत जातो. रोजगार कचेरीतील कागदांवर वर्णाची खूण केलेली असते, हे मोझेस नवख्याला ज्या सहजपणे सांगतो, ती सहजताच वाचकाला अस्वस्थ करते. ह्याउलट टँटी ही म्हातारी! रोखीवर चालणाऱ्या वाण्याला ती उधारीचे खाते उघडावयास लावते. तोही ह्या नव्या गिऱ्हाइकांच्या आवडीचा माल, खारी मासळीसुद्धा, दुकानात ठेवू लागतो. स्थलांतराने पेठ कशी बदलते, हे एवढ्या एका प्रसंगात येऊन जाते.

सेल्वन ह्यांनी आरंभी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिले. कादंबरी पुढे सरकेना. मग त्यांनी पात्रांची त्रिनिदादी बोली निवेदकाच्याही मुखी घातली. संवादापुरती बोली योजणारा लेखक पात्रांना आपल्यापासून अंतरावर ठेवतो. येथे ते अंतरच नाहीसे झाले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही जवळीक आटते. टँटीचा अपवाद सोडला तर त्या पुरुषांच्या गप्पांतूनच दिसतात, आणि हे ह्या कृतीचे खरे न्यून आहे.

मराठी अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. मालवणी योजावी तर मोझेस कोकणातला होतो; प्रमाण मराठी योजावी तर निवेदन पुन्हा घरमालकाच्या हाती जाते. सेल्वन ह्यांची बोलीही शुद्ध त्रिनिदादी नव्हे. परक्या वाचकाला कळेल अशी त्यांनी ती घडविलेली आहे. तेव्हा अनुवादकालाही कोणत्याच एका जिल्ह्याची नसलेली मराठी घडवावी लागेल. लंडनच्या उन्हाळ्याचे पानोपानी विरामचिन्हांवाचून वाहणारे वर्णन तर त्याने तसेच वाहू द्यावे. तेथे पूर्णविराम देण्याचा मोह फार होईल.