प्रलय आणि प्रकाश : ‘द जेनेसिस फ्लड’ या ग्रंथातील पुराव्याची संकल्पना

प्रस्तावना

विसाव्या शतकातील ख्रिस्ती निर्मितीवादाला वैज्ञानिक परिभाषेचे रूप देणारा ग्रंथ म्हणून ‘द जेनेसिस फ्लड’ (१९६१) याचा उल्लेख करावा लागतो. जॉन सी. व्हिटकम हे बायबलमधील जुन्या कराराचे अध्यापक, तर सहलेखक हेन्री एम. मॉरिस हे जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचेच आहे आणि जीवाश्म असलेले बहुतेक भूस्तर नोहाच्या काळातील, सुमारे वर्षभर टिकलेल्या एकाच जागतिक जलप्रलयात साचले, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. त्यातील भूशास्त्रीय चुकांची गणती यापूर्वी अनेकांनी केली आहे. प्रस्तुत लेखात ती पुन्हा न करता, लेखकद्वय पुरावा कशाला म्हणते, एवढ्याच प्रश्नाच्या अंगाने ग्रंथाचा विचार केला आहे. खडकांच्या संदर्भात पुराव्याची एक संकल्पना आणि ताऱ्यांच्या संदर्भात तिच्या नेमकी विरुद्ध संकल्पना हा ग्रंथ वापरतो. या दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत, असे दिसून येते.

खडकांची साक्ष

ग्रंथाचा पूर्वार्ध उपेक्षणीय नाही. प्रलय स्थानिक होता, किंवा उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान अब्जावधी वर्षे दडली आहेत, अशा तडजोडी त्या काळच्या अनेक ख्रिस्ती विद्वानांनी स्वीकारल्या होत्या. त्या नाकारताना लेखकांनी मूळ संहितेचे वाचन कसोशीने केले आहे. ‘प्रलय झाला असेल तर त्याच्या खुणा असल्याच पाहिजेत’ हे त्यांचे गृहीतकही शास्त्राला धरून आहे. जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून वॉशिंग्टन राज्यातील खडकाळ प्रदेश एका प्रचंड पुराने कोरला गेल्याचे मांडले, तेव्हा भूशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ विरोध केला. परंतु कोरडे पडलेले धबधबे, खडीच्या महाकाय लाटा आणि पाण्याचा उगम असलेले हिमयुगीन मिसूला सरोवर यांची संगती लागल्यावर तेच मत मान्य झाले आणि १९७९ मध्ये ब्रेट्झ यांना पेनरोज पदक देण्यात आले. भूशास्त्राला महापुराचे वावडे नाही. त्याला पुराचा उगम, मार्ग आणि मर्यादा दाखवून हव्या असतात.

व्हिटकम-मॉरिस यांची अडचण येथेच सुरू होते. त्यांचा पूर अमर्याद असल्याने प्रत्येक स्तर त्याचीच खूण ठरतो. जीवाश्मांचा क्रम ते तीन कारणांनी लावतात : प्राण्यांचे मूळ अधिवास, पाण्यात बुडण्याचा वेग आणि उंचावर पळून जाण्याची क्षमता. प्राण्यांपुरते हे क्षणभर मान्य केले तरी वनस्पती उरतातच. पुराजीव महाकल्पाच्या स्तरांत फुलझाडे आढळत नाहीत, आणि फुलझाडे काही डोंगरावर पळाली नसावीत.

या संदर्भात नागपूरचे उदाहरण बोलके आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शिक्षणकार्य करीत असतानाच त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह परिसराच्या भूरचनेचा अभ्यास केला आणि टाकळी येथील, लाव्हारसाच्या दोन थरांमधील गाळात सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांची व वनस्पती-अवशेषांची नोंद केली. लाव्हा थंड होणे, त्यावर तळे साठणे, त्यात गोगलगायींच्या पिढ्या वाढून मरणे, गाळ बसणे आणि मग नव्या लाव्हाने ते सर्व झाकले जाणे, असा हा क्रम आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे असे अनेक थर एकावर एक आहेत, आणि कित्येक थरांच्या मध्ये उघड्यावर झिजून तयार झालेली लाल माती दिसते. डोंगर बुडविणाऱ्या खवळलेल्या पाण्याखाली यांपैकी काहीच घडू शकत नाही. आज या उद्रेकांचा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. हिस्लॉप यांच्याजवळ हा आकडा नव्हता, पण थर जसे दिसले तसे वाचण्यासाठी त्यांना मिशनकार्य सोडावे लागले नाही. १८६३ मध्ये बुडून मृत्यू येईपर्यंत दोन्ही कामे चालू होती.

प्रकाशाची साक्ष

खडकांना साक्षीला बोलावणारे लेखक आकाशाकडे वळताच साक्षीदारालाच अमान्य करतात. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश येथवर पोहोचायला लक्षावधी वर्षे लागतात. पृथ्वी काही हजार वर्षांची असेल, तर तो दिसतो कसा? यावर त्यांचे उत्तर असे की, आदाम जसा प्रौढ रूपात निर्माण झाला तसे विश्वही ‘वयाच्या आभासासह’ निर्माण झाले आणि ताऱ्यांचा प्रकाश वाटेवरच निर्माण केला गेला. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडचे निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी ‘ओम्फॅलॉस’ (१८५७) या ग्रंथात ती अधिक सुसंगतपणे मांडली होती. गॉस यांनी जीवाश्मांनाही तोच न्याय लावला, त्यामुळे त्यांना खडकांत प्रलय शोधण्याची गरज उरली नाही. त्यांचे स्नेही व धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जली यांना मात्र हे पटले नाही. देवाने खडकांवर एवढे मोठे असत्य लिहून ठेवले असेल, यावर विश्वास ठेवणे त्यांना अशक्य वाटले. गॉस यांना मिळालेला सर्वांत मार्मिक नकार असा चर्चमधूनच आला, हे लक्षणीय आहे.

व्हिटकम-मॉरिस यांना या आक्षेपाची जाणीव आहे. देवाने निर्मितीचा वृत्तांत शास्त्रवचनांत सांगून ठेवला असल्याने फसवणुकीचा प्रश्नच येत नाही, असे ते म्हणतात. हे उत्तर वयापुरते कदाचित चालेल, घटनांपुरते चालत नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात एका ताऱ्याचा स्फोट दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. प्रकाश दिसण्यापूर्वी काही तास जपान व अमेरिकेतील उपकरणांनी तेथून आलेले न्यूट्रिनो नोंदविले, आणि ताऱ्याभोवतालचे वायूचे कडे किती दिवसांनी उजळले यावरून ते अंतर स्वतंत्रपणे मोजता आले. प्रकाश वाटेवरच निर्माण झाला असेल, तर फुटलेला तो तारा कधी अस्तित्वातच नव्हता, आणि त्याचे न्यूट्रिनोही कोठून निघाले नव्हते. आदामाच्या प्रौढत्वाला निदान उपयोग होता. न घडलेल्या स्फोटाचा हा तपशीलवार वृत्तांत कशासाठी, आणि त्याची पूर्वसूचना कोणत्या वचनात आहे?

उत्तरकालीन प्रयत्न

पुढील पिढीतील निर्मितीवाद्यांनी हा मार्ग बऱ्याच अंशी सोडला, यावरूनच त्याची दुर्बलता कळते. रसेल हम्फ्रीज यांनी १९९४ मध्ये गुरुत्वाकर्षणामुळे काळ मंदावतो या सापेक्षतेच्या नियमाचा आधार घेतला. जेसन लाइल यांनी २०१० मध्ये प्रकाशाच्या एकदिश वेगाविषयीच्या संकेताचा आश्रय केला. दोघांनाही प्रकाश खरोखर ताऱ्यापासूनच निघालेला हवा आहे. १९९७ ते २००५ या काळात निर्मितीवादी संशोधकांच्याच एका गटाने किरणोत्सारी क्षयाचा अभ्यास केला. आजच्या वेगाने कोट्यवधी वर्षे लागतील एवढा क्षय खडकांत प्रत्यक्ष झाला आहे, हे त्या गटाने मान्य केले आणि पूर्वी तो वेग अफाट वाढला असावा असे सुचविले. तेवढा क्षय अल्पकाळात झाल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने पृथ्वीचे कवच वितळून गेले असते. ती उष्णता कोठे गेली याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, हे त्यांच्या अहवालातच नमूद आहे.