सी भाषेतील कंडिशनल कंपायलेशन आणि सोर्स कोडचे स्वयंचलित रूपांतर : एक चिकित्सा

प्रा. डी. एम. ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथात मॅक्रो प्रोसेसरला स्वतंत्र प्रकरण आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांस ‘आधी प्रीप्रोसेसर, मग कंपायलर’ हा क्रम परिचित असतो. यंत्रासाठी आज्ञावली तयार करताना हा क्रम योग्यच ठरतो. तथापि जुना सोर्स कोड यंत्राकरवी बदलून घ्यावयाचा असेल, तर तोच क्रम दिशाभूल करतो.

‘इफडेफ’ने दिलेल्या दोन पर्यायांपैकी प्रीप्रोसेसर एकच ठेवतो. दुसरा पर्याय कंपायलरपर्यंत पोहोचतच नाही. अशा स्थितीत एखाद्या फंक्शनचे नाव बदलल्यास निवडलेल्या भागात नवे नाव येते, वगळलेल्या भागात जुनेच राहते. चूक येथे दिसत नाही. ती वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसासमोर उघड होते. शिवाय प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडलेल्या मजकुरात टिपणे आणि मॅक्रोंची नावे उरत नाहीत.

प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे तपासणे हा उपाय तत्त्वतः निर्दोष असला, तरी व्यवहार्य नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा केवळ २० अटींतून १०,४८,५७६ रूपे संभवतात. २००८ साली मांडलेले ‘कॉक्सिनेल’ हे साधन लिनक्ससाठी उपयुक्त ठरले. ते प्रीप्रोसेसरपूर्वीचा मजकूर अंदाजाच्या नियमांनी वाचते. म्हणून प्रत्येक रूपाची हमी मात्र ते देत नाही. ‘टाइपशेफ’ (२०११) व ‘सुपरसी’ (२०१२) यांनी अटी वाक्यरचनेच्या वृक्षातच जपल्या. हा मार्ग अधिक प्रामाणिक असला, तरी तो वाचनापुरता आहे. बदललेला वृक्ष पुन्हा माणसाला ओळखता येईल अशा मजकुरात उतरवणे हे वेगळे आणि कठीण काम आहे.

लीबिग, केस्टनर व आपेल यांनी २०११ साली ४० प्रणाली अभ्यासल्या. त्यांतील सुमारे ८४ टक्के अटी पूर्ण फंक्शन, पूर्ण विधान अशा अखंड घटकांभोवती होत्या. उरलेल्या अटी कंस किंवा विधान मध्येच तोडतात आणि साधनांची खरी कसोटी तेथेच लागते.

सारांश, कंपायलर वाचतो तो मजकूर आणि माणूस सांभाळतो तो मजकूर एक नव्हे. न निवडलेला पर्यायही प्रोग्रॅमचाच भाग असतो. अभ्यासक्रमात हा भेद स्पष्ट झाला नाही, तर उद्याचा अभियंता आपल्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाच बरोबर प्रोग्रॅम समजेल.