मेसोपोटेमियातील लष्करी लोहमार्ग आणि सातारा-सांगलीची युद्धस्मृती : एक परीक्षण

सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले असे सांगितले जाते, आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. अशा स्मृतीत शौर्याला पहिला मान मिळावा, हे स्वाभाविकच होय. परंतु शौर्याच्या गौरवाने इतिहासाचा एक प्रश्न सुटत नाही. मराठा पलटणींच्या पराक्रमात उणेपणा नव्हता, तर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे त्यांना शस्त्रे का खाली ठेवावी लागली? या प्रश्नाचे उत्तर रणांगणावर नव्हे, तर रणांगणामागील वाहतुकीत शोधावे लागते. या मोहिमेविषयीचे दोन प्रमुख ग्रंथ, म्हणजे १९१७ चा मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आणि मोबर्ली यांनी लिहिलेला चार खंडांचा सरकारी इतिहास (१९२३–२७), या कसोटीवर तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, फाओ येथे उतरली व त्याच महिन्यात बसरा हाती आले. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या अखेरीपर्यंत सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या जवळ पोहोचले. मात्र रसदीचा आधार एकट्या नदीचाच राहिला. बसऱ्यास पुरेसे धक्के नव्हते आणि उथळ पाण्यात चालतील अशा आगबोटी थोड्या होत्या. जमिनीवरून खेचरे व उंट यांनी माल नेण्यास स्वाभाविक मर्यादा असते. सुमारे दोन मण ओझे वाहणारे खेचर वाटेतील आपला दाणाचाराही त्याच ओझ्यातून खाते. म्हणून मजल जितकी लांब, तितके आघाडीवर पोहोचणारे धान्य कमी. लोहमार्गाला हा नियम लागू नाही. नेमक्या याच अवस्थेत, १९१५ साली, बसरा ते नासिरिया असा लोहमार्ग बांधण्याची सेनापतींची मागणी हिंदुस्थान सरकारने खर्चाच्या कारणावरून नाकारली.

या नकाराची किंमत कुतच्या वेढ्यात मोजली गेली. १४७ दिवस चाललेल्या या वेढ्यात सैन्य उपासमारीने खचले. बाहेरून वेढा फोडण्यासाठी आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मारले गेले वा जखमी झाले, तरी तो फुटला नाही. ताज्या भाजीपाल्याच्या अभावी १९१६ मध्ये हजारो हिंदी शिपायांना रक्तपिती, म्हणजे स्कर्व्ही, हा रोग जडला. हा रोग वैद्यकीय खात्याच्या हिशेबी पडला असला, तरी त्याचे मूळ वाहतुकीत होते.

कमिशनच्या अहवालाचे मोल येथे दिसून येते. अपयशाचा जाब मागण्यासाठीच तो लिहिला गेल्यामुळे बोटी, धक्के, इस्पितळे आणि नाकारलेला लोहमार्ग हे विषय त्यात अग्रभागी आले. त्याची दृष्टी मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दोषादोषापाशी थांबते. साधने अपुरी का पडली हे तो सांगतो; ती साधने पुढे कोणाच्या हातांनी उभी राहिली, हे सांगणे त्याच्या कक्षेत नव्हते.

ते सांगण्याची संधी मोबर्लींच्या ग्रंथाला होती. १९१६ च्या उत्तरार्धात जनरल मॉड यांच्या हाती सूत्रे आल्यावर चित्र पालटले. शेख साद येथून सिन्नच्या दिशेने अडीच फुटी मापाचा हलका लोहमार्ग टाकण्यात आला. बसरा–नासिरिया हा मीटर गेज मार्ग त्याच वर्षाच्या अखेरीस तयार झाला. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले आणि त्याच वर्षी कुत–बगदाद मार्गही धावू लागला. मीटर गेजची निवड आकस्मिक नव्हती. या मापाचे रूळ, इंजिने व डबे हिंदुस्थानात तयार मिळत. पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरजेकडे जाणारा मार्गही त्या काळी याच मापाचा होता. दक्षिण मेसोपोटेमिया ही गाळाची सपाट भूमी आहे. तेथे खडीसाठी दगड नाही आणि स्लीपरांसाठी लाकूड नाही. वसंतात पूर आणि उन्हाळ्यात असह्य ताप. मातीचे बांध घालून त्यांवर रूळ अंथरणे हे काम तेथे कवायतीइतकेच खडतर होते. मोबर्लींच्या ग्रंथाची बैठक मात्र लष्करी हालचालींची आहे. लोहमार्ग त्यात हालचालीस पूरक म्हणून येतो, कारण म्हणून क्वचितच. त्यामुळे मॉड यांचे यश सेनापतित्वाचे यश वाटते, आणि टाउनशेंड यांचा पराभव दुर्दैवाचा. दोहोंमधील खरे अंतर रुळांचे व बोटींचे होते.

या रुळांचा भार येथील जीवनावरही पडला. साकची येथील टाटांच्या कारखान्याने मेसोपोटेमिया, ईजिप्त, पॅलेस्टाइन व पूर्व आफ्रिका येथे रूळ पुरविले, आणि २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी त्या गावास जमशेदपूर हे नाव देताना या सेवेचा उल्लेख केला. इकडे, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीस नांगरांसाठी लोखंड मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. युद्धासाठी लोखंड बाहेर जात असताना तोफेचा नांगर व्हावा, हा योग कोणत्याही मोहिमेच्या इतिहासात आढळत नाही. पण तो मोहिमेचाच भाग आहे.

स्मृतीतील सर्वांत मोठी उणीव माणसांविषयीची आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी लोकांत बिनलढाऊ अनुयायांची संख्या लढवय्यांच्या तोडीची होती. हमाल, मजूर, खेचरवाले यांच्याबरोबर तुरुंगांतून भरती केलेल्या मजुरांच्या तुकड्याही होत्या. दुसऱ्या बाजूस, कुत येथे पकडलेल्या हिंदी शिपायांना तुर्कांनी रास-अल-ऐनच्या परिसरात बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. एकाच सैन्याची माणसे दोन्ही पक्षांचे रूळ टाकीत होती. पुढे १९२९ मध्ये बसरा येथील स्मारकाचे अनावरण झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक केवळ आकड्यांत उरला. ही विषमता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केली.

तात्पर्य, सरकारी इतिहास आणि गावची स्मृती यांचा दोष एकच आहे. दोन्ही लढणाऱ्याला पाहतात आणि वाहणाऱ्याला विसरतात. पंजाबच्या भरती-नोंदवह्या लाहोर संग्रहालयातून प्रकाशात आल्यावर तेथील गावोगावची नावे समोर आली. सातारा-सांगलीच्या संशोधनानेही पेन्शनचे कागद, कुळांची दप्तरे व घरोघरची पत्रे या दृष्टीने तपासली पाहिजेत. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला. तत्पूर्वी सांगली व मिरज ही संस्थाने होती. हे ध्यानात ठेवले नाही, तर नावे चुकीच्या दप्तरात शोधली जातील. अपशिंग्याच्या स्मारकाचा मान यामुळे उणावणार नाही. ते जवान कोणत्या उणिवेपायी कामी आले हे समजल्याने तो अधिक अर्थपूर्ण होईल.