‘द स्नोमॅन’: माध्यमांतरातील एक भर

रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’ (१९७८) या शब्दविरहित चित्रपुस्तकावर आधारित, डायॅन जॅक्सन दिग्दर्शित सचेतनपट १९८२ च्या नाताळात ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’ वाहिनीवर प्रथम दाखविला गेला. पुस्तकातील रंगीत पेन्सिलींचा खरखरीत पोत त्यात टिकून राहिला आहे. संवाद टाळून कथन हॉवर्ड ब्लेक यांच्या संगीतावर सोपविले आहे. ही मूलनिष्ठा वाखाणण्याजोगी असली, तरी चित्रपटाचे खरे मर्म त्यातील एका भरीत आहे. पुस्तकात मुलगा व हिममानव समुद्रकिनाऱ्यापर्यंत उडून परततात; चित्रपट त्यांना उत्तर ध्रुवावर नेऊन फादर ख्रिसमसची भेट घडवितो. (मूळ पुस्तकात नाताळ नाहीच.) हा प्रसंग काहीसा गोडगोड वाटतो. मात्र तेथे भेट मिळालेला मफलर सकाळी मुलाच्या खिशात सापडतो. पुस्तकात तो प्रवास स्वप्न की सत्य, हे संदिग्धच राहते. मफलर ती संदिग्धता संपवितो आणि त्यामुळे कलात्मक हानी होते, हे मान्य करावे लागते. परंतु त्याच पुराव्याने वियोगही खरा ठरतो. स्वप्न म्हणून मनाची समजूत घालण्याची वाट मुलापुढे उरत नाही. मफलर हाती धरून तो वितळलेल्या हिमासमोर गुडघे टेकतो.