बोगद्याची तुटक रेघ

हिंटन हे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं, अपॅलाशियन डोंगरांत वसलेलं रेल्वेचं गाव. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने काढलेले अशा गावांचे जुने नकाशे आता नेटवर फुकट मिळतात. मोबाइलवर उघडा आणि झूम करून पाहा.

या नकाशांची भाषा तीन रंगांची. डोंगरांचे चढउतार दाखवणाऱ्या रेषा तपकिरी, पाणी निळं आणि माणसाने केलेलं सगळं काळं. न्यू आणि ग्रीनब्रायर या नद्यांच्या संगमाजवळ तपकिरी रेषा अशा दाटतात, की गाव काठाकाठाने चिंचोळं का पसरलं हे वेगळं सांगावं लागत नाही. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे रूळही नदीचं बोट धरूनच जातात, कारण इंजिनाला मोठा चढ झेपत नाही.

टॅलकॉटपाशी मात्र ग्रीनब्रायर डोंगराला मोठा वळसा घालते आणि रूळ तिची साथ सोडून थेट डोंगरात शिरतात. हा बिग बेंड बोगदा, १८७० ते १८७२ या काळात खोदलेला. लांबी मैलाहून जास्त. १:१,२५,००० या प्रमाणाच्या नकाशावर त्याची होते जेमतेम दीड सेंटीमीटरची तुटक रेघ.

गुलामगिरी १८६५ साली संपली होती. ही रेघ खोदणारे बहुतेक मजूर नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते. लाल, ठिसूळ खडक अंगावर कोसळायचा. रुळांच्या कडेने कंपनीचं नाव छापलं जातं, मजुरांसाठी नकाशात खूणच नाही. नकाशा खोटं बोलत नाही. पण काय मोजायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे त्याला तटस्थही म्हणता येत नाही.

ती उणीव गाण्यांनी भरून काढली. वाफेच्या ड्रिलशी हातोड्याने शर्यत लावणारा, जिंकून तिथेच कोसळणारा जॉन हेन्री लोकगीतांत राहिला. ही शर्यत बिग बेंडमध्ये झाली, असं टॅलकॉट मानतं. इतिहासकार स्कॉट नेल्सन यांच्या मते ती व्हर्जिनियातल्या लुईस बोगद्यात झाली. जागेचा वाद राहू दे. डोंगर किती उंच होता, हे नकाशा सांगतो. तो कोणाच्या हातांनी फोडला, हे गाणं सांगतं. जुना नकाशा फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांनी ते गाणंही एकदा ऐकावं.